बाळंतिणीचे ताट

गेल्या पौषात धाराशिव जिल्ह्यातल्या भूम तालुक्यातील एका खेड्यात, दूरच्या आप्तांच्या घरी, बाळंतिणीच्या खोलीच्या उंबऱ्याशी बसण्याचा प्रसंग आला. मुलगी पहिल्या खेपेला माहेरी आलेली, बाळ सहा आठवड्यांचे, खोलीत शेपा-ओव्याच्या धुरीचा वास कोंदलेला, पाळण्याच्या दोरीला दृष्ट लागू नये म्हणून काळ्या दोऱ्यात ओवलेला बिब्बा बांधलेला, आणि तिच्या आईने समोर आणून ठेवलेल्या ताटात बाजरीची एक भाकरी, तिच्यावर तुपाची धार, बिनमिरचीची मेथीची भाजी व कडेला डिंकाचा अर्धा लाडू, एवढाच काय तो ऐवज. वरणाची वाटी नव्हती, कारण डाळ वातूळ. दही नव्हते, कारण बाळाला सर्दी होईल. वांगे, बटाटा, केळे, हरभरा यांची तर नावेच काढायची नव्हती. हे त्या मुलीच्या आजीचे पथ्य, आणि ते पिढ्यानपिढ्यांचे होते. पण त्या घरात दुसरेही एक पथ्य नुकतेच दाखल झाले होते. बाळाच्या गालांवर लालसर, खरबरीत चट्टे उठलेले ऐकून पुण्यास नोकरीला असलेल्या जावईबापूंनी मोबाइलवर एक यादी धाडली होती आणि तीत दूध, अंडे, शेंगदाणे, तीळ, गहू, सोयाबीन व मासे इतक्या पदार्थांना बाळ अंगावर पीत आहे तोवर आईने शिवू नये, अशी ताकीद होती. तूप तेवढे आजीच्या अधिकारात टिकून राहिले होते.

“लेकराला बाधंल म्हनून द्यायचं न्हाई,” आजी मला म्हणाली. “चार महिने तोंड बांधलं तर काय बिघडतंय?”

आजीचा आणि जावयाचा जीव त्या लेकरात सारखाच गुंतलेला होता. आजीने ती यादी पाहिली नव्हती आणि जावयाने आजीला काही विचारले नव्हते. पण दोघांच्याही मायेचा भार मात्र त्या एकाच ताटावर पडला होता. आजीच्या प्रश्नाचे उत्तर मी त्या दिवशी नीट देऊ शकलो नाही. पुष्कळ बिघडते, हे उत्तर. आणि त्याहून महत्त्वाचे म्हणजे ज्या वावड्याच्या भयाने हे तोंड बांधले जाते ते वावडे आईच्या उपासाने टळत नाही, असा आजच्या वैद्यकाचा निष्कर्ष आहे. तो निष्कर्ष कसा निघाला, हे सविस्तर सांगण्यासारखे आहे.

वावडे हा आपल्या भाषेतला फार अचूक शब्द. एखादा पदार्थ दहा जणांना पचावा आणि अकराव्याच्या अंगावर त्याने गांधी उठाव्यात, ओठ सुजावेत, घसा आवळावा, यातला दोष पदार्थाचा नव्हे, तर त्या माणसाच्या देहाशी त्याच्या जुळलेल्या किंवा न जुळलेल्या संबंधाचा आहे, हे त्या एका शब्दात सामावलेले आहे. मराठवाड्यातील माणसाला याचा धडा बिब्ब्याने केव्हाच दिला आहे: त्याचे तेल लागले की कोणाचे अंग उतून फोड येतात, तर कोणी तोच बिब्बा फोडून गोडंबी काढण्याचे काम वर्षानुवर्षे करीत राहतो. बिब्ब्याचे उतणे आणि अन्नाचे वावडे यांची शारीरिक प्रक्रिया एक नाही, पण एकाला सोसते ते दुसऱ्याला सोसत नाही, हे सूत्र दोहोंकडे आहे. पाश्चात्त्य वैद्यकाला या गोष्टीसाठी स्वतंत्र शब्द घडवावा लागला तो १९०६ साली, जेव्हा व्हिएन्नातील बालरोगतज्ज्ञ क्लेमेन्स फॉन पिर्के यांनी ‘अ‍ॅलर्जी’ हे नाव योजले. आणि या सगळ्या खळबळीमागे शरीरात तयार होणारे आयजीई नावाचे प्रतिपिंड असते, हे उलगडण्यास पुढे आणखी साठ वर्षे जावी लागली. किमिशिगे आणि तेरुको इशिझाका या जपानी दांपत्याने १९६६ साली अमेरिकेत तो शोध लावला. रोगजंतूंशी लढण्याकरिता ठेवलेल्या सैन्याने घरी आलेल्या पाहुण्यालाच शत्रू समजून त्याच्यावर शस्त्र उगारावे, तसा हा प्रकार असतो. मनुष्याच्या देहाला आपपर ओळखावे लागते, आणि ही ओळख बहुतांशी आयुष्याच्या पहिल्या वर्षातच पक्की होते. म्हणून तान्ह्या बाळाच्या संदर्भात या विषयाचे एवढे महत्त्व.

आता पहिला प्रश्न असा की, आई जे खाते ते तिच्या दुधात उतरते काय? उतरते, पण फार अल्प प्रमाणात, आणि सर्वच उतरते असे नाही. २००१ साली कॅनडातील संशोधकांनी अंगावर पाजणाऱ्या २३ स्त्रियांना प्रत्येकी ५० ग्रॅम भाजलेले शेंगदाणे खाऊ घातले व ठरावीक अंतराने त्यांच्या दुधाची तपासणी केली, तेव्हा ११ जणींच्या दुधात शेंगदाण्याच्या प्रथिनाचा अंश सापडला, आणि तोही बहुतेकींत दोन तासांच्या आत. म्हणजे अन्नातील प्रथिनाचे काही कण पचनातून निसटून, रक्तावाटे, दुधापर्यंत पोचतात ही गोष्ट खरी. वास आणि चवही पोचते. फिलाडेल्फियाच्या मोनेल संस्थेतील ज्युली मेनेला व गॅरी बोशाँ यांनी १९९१ साली मातांना लसणाच्या गोळ्या दिल्या. सुमारे दोन तासांनी दुधाला लसणाचा वास येऊ लागला आणि बाळांनी तोंड फिरवणे दूरच, ती नेहमीपेक्षा अधिक वेळ आईला बिलगून राहिली. बाजरीची भाकरी आणि लसणाची चटणी बाळंतिणीला देणाऱ्या आपल्या आज्यांना हे ऐकून नवल वाटणार नाही. बाळ आईच्या दुधातूनच आपल्या घरच्या स्वयंपाकाची पहिली ओळख करून घेते.

पण आईच्या पोटात धरलेला वात मात्र दुधात उतरत नाही. हरभऱ्याच्या डाळीने किंवा वाटाण्याने होणारा वायू हा मोठ्या आतड्यातील जंतूंनी न पचलेल्या शर्करेवर केलेल्या उद्योगाचे फळ. तो तेथेच निर्माण होतो व तेथूनच बाहेर जातो, आणि दुधात मिसळून बाळाच्या पोटात जाण्याचा मार्गच त्याला नाही. मग पथ्य केले की बाळाचे रडणे थांबते, असा हजारो घरांचा अनुभव कसा? तान्ह्या बाळाचे सायंकाळचे अनावर रडणे साधारण दुसऱ्या आठवड्यानंतर सुरू होते, सहाव्या आठवड्याच्या सुमारास कळसाला पोचते, आणि तिसऱ्या-चौथ्या महिन्यापर्यंत, आईने काहीही खाल्ले तरी, आपोआप ओसरते. रडणे कळसाला पोचले की घरात धावपळ होते, डाळ बंद होते, केळे बंद होते, आणि लवकरच रडणे ओसरू लागते. काळाने केलेले काम अशा रीतीने पथ्याच्या खाती जमा होते. हा जमाखर्च पिढ्यानपिढ्या असाच लिहिला गेला, आणि तो लिहिणाऱ्यांनी कोणालाही फसवले नाही. जे डोळ्यांनी पाहिले तेच त्यांनी पुढच्या पिढीला सांगितले.

जुन्या पथ्याला नावे ठेवणारे आधुनिक वैद्यकही त्याच वाटेने एकदा गेले होते, ही गोष्ट येथे नमूद करणे न्यायाचे होईल. गेल्या शतकाच्या अखेरीस पाश्चात्त्य देशांत शेंगदाण्याचे वावडे असलेली मुले झपाट्याने वाढू लागली, तेव्हा १९९८ साली ब्रिटनच्या सरकारी समितीने, आणि २००० साली अमेरिकेच्या बालरोगतज्ज्ञांच्या अकादमीने, ज्या कुटुंबांत दमा, इसब किंवा वावडी चालत आली आहेत त्यांच्यासाठी मनाईचा हुकूमच काढला. अमेरिकेच्या त्या शिफारशीप्रमाणे पाजणाऱ्या आईने शेंगदाणे व कठीण कवचाचा सुकामेवा वर्ज्य करावा, आणि बाळाला गाईचे दूध एक वर्षापर्यंत, अंडे दोन वर्षांपर्यंत, शेंगदाणे व मासे तीन वर्षांपर्यंत देऊ नयेत. तर्क सरळ होता: शत्रूशी गाठच पडू दिली नाही तर वैर उत्पन्न होणार नाही. पण वावडी कमी होईनात. पुराव्याची छाननी झाली, आणि २००८ साली अमेरिकेने व पुढल्याच वर्षी ब्रिटनने आपापला हुकूम मागे घेतला. २०१२ साली मायकेल क्रेमर व रित्सुको काकुमा यांनी तोवरचे सर्व प्रयोग एकत्र करून तपासले, तेव्हा गर्भारपणी किंवा पाजताना आईने दूध-अंडी वगैरे वर्ज्य केल्याने मुलांतील वावडी टळतात असा पुरावा त्यांना मिळाला नाही. उलट गर्भवतींचे वजन थोडे कमी वाढते, एवढे मात्र आढळले. जावईबापूंच्या मोबाइलवरची यादी ही अशा रद्दबातल झालेल्या हुकुमाची कुठेतरी उरलेली नक्कल होती.

हुकूम मागे घेणे ही अर्धी गोष्ट झाली. वावडे टाळावे कसे, हा प्रश्न उरलाच. त्याचे उत्तर एका साध्या निरीक्षणातून निघाले. लंडनचे डॉक्टर गिडिअन लॅक व त्यांचे सहकारी यांच्या ध्यानात आले की, ब्रिटनमधील ज्यू मुलांत शेंगदाण्याच्या वावड्याचे प्रमाण १.८५ टक्के, तर इस्राएलमधील ज्यू मुलांत अवघे ०.१७ टक्के. वंश एक, मग अंतर एवढे का? इस्राएलमध्ये शेंगदाण्याचा तोंडात विरघळणारा एक हलका खाऊ बाळांना पहिल्या वर्षातच दिला जातो, आणि ब्रिटनमधील आया शेंगदाणा बाळांना सहसा देत नव्हत्या. ही तुलना २००८ साली प्रसिद्ध झाली. मग याच मंडळींनी ४ ते ११ महिन्यांची ६४० बाळे निवडली, ज्यांना तीव्र इसब किंवा अंड्याचे वावडे होते व म्हणून ज्यांना धोका अधिक होता. निम्म्यांना शेंगदाणा पूर्ण वर्ज्य, निम्म्यांना आठवड्याला निदान ६ ग्रॅम शेंगदाण्याचे प्रथिन, म्हणजे साधारण मूठभर दाण्यांइतके, नेमाने. मुले पाच वर्षांची झाली तेव्हा वर्ज्य करणाऱ्यांत १७.२ टक्के मुलांना शेंगदाण्याचे वावडे होते, आणि खाणाऱ्यांत ३.२ टक्क्यांना. २०१५ साली हे आकडे जाहीर झाले तेव्हा बालवैद्यकाची एक जुनी भिंत कोसळली. आपल्या आयुर्वेदात ओकसात्म्य नावाची एक कल्पना आहे: नित्य सेवनाने देहाला जे मानवू लागते ते. प्राचीनांना प्रतिपिंडे ठाऊक नव्हती, पण सवयीने सात्म्य येते ही त्यांची नोंद या प्रयोगाशेजारी ठेवून पाहावी अशी आहे.

मग बाळाला वावडे जडते तरी कुठून? लॅक यांचे म्हणणे असे की, अन्न तोंडावाटे आले तर देह त्याला आपले म्हणून स्वीकारतो, आणि तेच अन्न फाटलेल्या, सोललेल्या कातडीवाटे आत शिरले तर देह त्याला चोर समजतो. हा विचार आपल्या घरांसाठी फार मोलाचा आहे, म्हणून येथे थोडे थांबतो. इसब झालेल्या बाळाची कातडी कोरडी, भेगाळलेली असते. तिचे कवच जागोजाग उघडे पडलेले असते. २००३ साली इंग्लंडमधील अ‍ॅव्हन भागातील मुलांच्या पाहणीत दिसले की, ज्या बाळांच्या पुरळावर शेंगदाणा-तेलयुक्त मलम चोळले गेले होते त्यांच्यात शेंगदाण्याचे वावडे अधिक होते. त्यांच्या आयांनी गर्भारपणी शेंगदाणे खाल्ले की नाही, याचा मात्र काही संबंध दिसला नाही. त्या खोलीत मी जे पाहिले ते आठवून आजही मन अस्वस्थ होते. बाळाच्या अंघोळीची सामग्री मांडलेली होती: घाण्याच्या शेंगतेलाची वाटी, हरभऱ्याचे पीठ, दुधावरची साय, हळद. आईच्या तोंडी जे पदार्थ निषिद्ध ठरले होते त्यांतील तीन, शेंगदाणा, हरभरा आणि दूध, बाळाच्या चिरलेल्या गालांवर रोज सकाळी चोळले जात होते! मालिश वाईट नाही; ते आपल्या संस्कृतीतील एक सुंदर कर्म आहे, आणि धडधाकट कातडीच्या बाळाला त्याने सुखच होते. परंतु ज्या बाळाला इसब आहे त्याच्या अंगाला डाळीचे पीठ, साय व घाण्याचे शेंगतेल लावू नये. डॉक्टरांनी सांगितलेले साधे, वासरहित मलम अंघोळीनंतर लगेच लावावे, आणि गालावरचे चट्टे वेळीच बरे करून घ्यावेत. वावड्याला पायबंद घालण्याचे पहिले काम बहुधा बाळाच्या कातडीवरच करावे लागते.

शेंगदाण्याचे उदाहरण पाश्चात्त्यांचे म्हणून सोडून देता येणार नाही, आणि त्याने घाबरूनही जाऊ नये. धाराशिव जिल्ह्याच्या भाजीत कूट असते, भाकरीबरोबर शेंगदाण्याची, कारळाची, जवसाची चटणी असते, संक्रांतीला तीळ असतो. हे सर्व त्या भूमीचेच अन्न. आपल्या सीमेला लागून असलेल्या कर्नाटकात, बंगळूर व म्हैसूर येथे, झालेल्या मोठ्या पाहणीत प्रौढांपैकी चौथ्या हिश्शाहून अधिक लोकांच्या रक्तात कुठल्या ना कुठल्या अन्नाविरुद्धचे प्रतिपिंड सापडले, पण ज्यांना खरोखर वावडे असण्याचा संभव होता असे लोक १.२ टक्केच निघाले. म्हणजे रक्ततपासणीच्या कागदावर दहा पदार्थांपुढे खुणा आल्या म्हणून दहा पदार्थ बंद करणे, हा जो प्रकार अलीकडे शहरांतून तालुक्यांपर्यंत आला आहे, तो निराधार आहे; खाल्ल्यावर काय होते, हाच मुख्य दाखला. माझ्या परिचयातील एका बाळंतिणीला अशाच कागदावरून अकरा पदार्थ महिनोन्‌महिने बंद करविले गेले, आणि शेवटी तिचे दूध आटले. तिला नेमके काय वर्ज्य करायचे आणि किती दिवस, हे कोणी सांगितलेच नव्हते.

आणि येथे आजीच्या प्रश्नाकडे परत यावे लागते. आपल्या राष्ट्रीय पोषण संस्थेने, जी हैदराबादेत आहे, २०२० साली ठरवून दिलेल्या प्रमाणानुसार पहिल्या सहा महिन्यांत पाजणाऱ्या आईला नेहमीच्या आहाराहून रोज ६०० किलोकॅलरी अधिक लागतात, आणि पुढच्या सहा महिन्यांत ५२०; प्रथिने पहिल्या सहा महिन्यांत सुमारे १७ ग्रॅम अधिक. घरगुती भाषेत सांगायचे तर दोन मध्यम भाकऱ्या, वाटीभर घट्ट वरण आणि एक दाण्याचा लाडू, हे सर्व नेहमीच्या जेवणाच्या वर. निसर्गाची व्यवस्था अशी की आई उपाशी राहिली तरी दूध बरेच दिवस उतरते. पण मग ते तिच्या हाडामांसाच्या तिजोरीतून उतरते. २०१९ ते २०२१ च्या राष्ट्रीय पाहणीत महाराष्ट्रातील १५ ते ४९ वयाच्या ५४.२ टक्के स्त्रियांच्या अंगात रक्त कमी आढळले, पाच वर्षांखालील ३५.२ टक्के मुलांची उंची खुरटलेली आढळली. ज्या जिल्ह्याची केंद्र सरकारने २०१८ साली आकांक्षित जिल्ह्यांत गणना केली, जेथे वाशी-भूम-कळंबच्या कित्येक आया तान्हे लेकरू पाठीशी बांधून दिवाळीनंतर ऊसतोडीला जातात आणि फडाच्या बांधावर भाकरी-ठेच्यावर दिवस काढतात, तेथे डाळीची वाटी पथ्याच्या नावाने काढून घेणे ही बारीकसारीक बाब नव्हे. बाळंतिणीच्या ताटातून डाळ, दूध, अंडे आणि शेंगदाणा गेला की प्रथिनांचा सारा बंदोबस्तच उठला. मेथी आणि डिंक कितीही गुणकारी असले तरी त्यांना ती जागा भरून काढता येत नाही.

जुन्या बाळंतपणात जे उत्तम आहे त्याविषयी माझ्या मनात अपार आदर आहे, आणि तो लपवण्याचे कारण नाही. सव्वा महिन्याची विश्रांती, माहेरची माया, लोहयुक्त अळिवाची खीर, खारीक-खोबऱ्याचे लाडू, हुलग्याचे माडगे, ऊन-ऊन ताजे जेवण: हा भाग देणाऱ्या रिवाजाचा आहे आणि तो जपला पाहिजे. घेणारा रिवाज, म्हणजे पाणी कमी, डाळ बंद, फळे बंद, तेवढा सोडावा. भूमच्या शेजारी जामखेड येथे रजनीकांत व मेबल आरोळे या डॉक्टर दांपत्याने १९७० पासून गावातल्याच, बहुधा अक्षरओळख नसलेल्या स्त्रियांना आरोग्याचे शिक्षण दिले. तुळजापूर तालुक्यात अणदूरच्या हॅलो मेडिकल फाउंडेशनने ‘भारतवैद्य’ म्हणून खेड्यातल्या बाया उभ्या केल्या. उंबऱ्याआतील रीत डॉक्टरच्या चिठ्ठीने बदलत नाही. ती गल्लीतल्या मावशीने शेजारी बसून सांगितल्याने बदलते, हे या कामांतून दिसून आले.

मग आईने कधीच काही वर्ज्य करू नये काय? एक अपवाद आहे. काही थोड्या बाळांना, निव्वळ अंगावर पीत असतानाही, आईच्या दुधातून येणाऱ्या गाईच्या दुधाच्या प्रथिनाचा त्रास होतो. बाळ एरवी हसतेखेळते, वजन वाढते, पण शीमध्ये रक्ताचे धागे दिसतात. अशा वेळी बालरोगतज्ज्ञांच्या सल्ल्याने आईने दूध, दही, ताक, पनीर, खवा हे दोन ते चार आठवडे पूर्ण थांबवावे, गुण आला तर पुन्हा खाऊन पाहावे, आणि त्रास परतला तरच निदान पक्के मानून मुदत वाढवावी. पाजणे मात्र थांबवू नये. दूध बंद असेल तोवर चुन्याची, म्हणजे कॅल्शियमची, उणीव तीळ, नाचणी, राजगिरा, शेवग्याचा पाला यांनी व लागल्यास गोळ्यांनी भरून काढावी. मुदत नसलेले पथ्य पाळू नये.

याच जिल्ह्यात आणखी एक गैरसमज फार खोल रुजलेला आहे, आणि त्याला कारण या जिल्ह्याचे भूषणच आहे. काळीभोर, चपळ उस्मानाबादी शेळी गरिबाची गाय म्हणून दारोदार बांधलेली; तेव्हा बाळाला गाईचे दूध बाधले की शेळीचे पाजावे, ते हलके असते, असे सर्रास सांगितले जाते. पण गाईच्या व शेळीच्या दुधातील प्रथिने इतकी सारखी आहेत की ज्या मुलांना गाईच्या दुधाचे खरे वावडे असते त्यांतील दहांपैकी नऊंहून अधिक मुलांना शेळीचेही बाधते. शिवाय त्यात फोलेट हे जीवनसत्त्व अत्यल्प असल्याने निव्वळ त्यावर वाढवलेल्या बाळाचे रक्त घटते. वर्षाच्या आतल्या बाळाला आईच्या दुधाऐवजी गाय, म्हैस, शेळी यांपैकी कोणाचेही दूध मुख्य आहार म्हणून देऊ नये.

पहिले सहा महिने फक्त आईचे दूध, आणि सहा महिने भरताच वरचे अन्न. सुश्रुतानेही सहावाच महिना सांगितला आहे. पूर्वी उष्टावणानंतर कित्येक महिने भाताची पेज आणि वरणाचे पाणी यांवर बाळाला ठेवत. आता घरात जे शिजते तेच, मऊ करून, एकेक करीत, लवकर द्यावे: घट्ट वरण, दही, गव्हाची लापशी, चालत असेल त्या घरात पूर्ण उकडलेले अंडे, आणि शेंगदाणा. आख्खा दाणा किंवा जाडे कूट मात्र कदापि नाही, कारण तो श्वासनलिकेत अडकतो. दाणे भाजून, गंधासारखे वाटून, पेजेत शिजवलेली चिमूट द्यावी. नवा पदार्थ सकाळी, बाळ धडधाकट असताना द्यावा व दोन तास लक्ष ठेवावे. अंगावर गांधी, ओठ-डोळ्यांवर सूज, पुन्हापुन्हा ओकारी दिसली तर तो पदार्थ थांबवून डॉक्टर गाठावा; धाप लागली, बाळ निळे-पांढरे वा गळाल्यासारखे झाले तर क्षणाचाही विलंब न लावता रुग्णालय गाठावे. ज्या बाळाला तीव्र इसब आहे किंवा आधी एखादे वावडे ठरले आहे त्याला शेंगदाणा किंवा अंडे पहिल्यांदा देण्यापूर्वी बालरोगतज्ज्ञाला विचारावे. एकदा सोसला की मग तो पदार्थ आठवड्यातून दोन-तीनदा चालूच ठेवावा, एकदा चाटवून विसरून जाऊ नये. कॅनडातील मुलांच्या एका पाहणीत, ज्यांच्या आयांनी पाजताना शेंगदाणे खाल्ले आणि ज्यांना स्वतःलाही वर्षाच्या आत ते मिळाले, त्यांच्यात शेंगदाण्याविरुद्धचे प्रतिपिंड सर्वांत कमी, १.७ टक्के, आढळले. आईने खाल्ले पण बाळाला देणे लांबवले, तेथे ते १५.१ टक्के होते. एका पाहणीवर सगळा भार टाकू नये. तरी आईचे ताट आणि बाळाची वाटी एकाच चुलीवरची असावी, याला ती पोषकच आहे.

ज्येष्ठात उष्टावणाचे बोलावणे आले. मधल्या काळात गावच्या आशाताईंनी दोनदा येऊन आजीशी बराच वेळ वाद घातला होता असे कळले. शेंगतेल आणि डाळीचे पीठ बंद होऊन बाळाचे गाल निवळले होते. मामाने अंगठीने खिरीचे बोट चाटवले, बायकांनी ओवाळले, पाहुणे पांगले. त्यानंतर चार दिवसांनी, कळंबच्या डॉक्टरांना विचारून, सकाळच्या प्रहरी त्या मुलीने पेजेत मिसळलेली दाण्याची पहिली चिमूट बाळाच्या जिभेवर ठेवली, तेव्हा मी तेथेच होतो. बाळाने तोंड वेडेवाकडे केले, मग मिटक्या मारल्या. आजी भिंतीवरच्या घड्याळाकडे तोंड करून बसली. मधूनमधून ती बाळाचे झबले वर करून पोट पाहायची, पाठ पाहायची, पुन्हा घड्याळ पाहायची. साडेदहाला बाळ तिच्या मांडीवरच झोपले. मग ती उठली, स्वयंपाकघरात गेली, आणि नातीसाठी ताट वाढून घेऊन आली. त्यात दोन भाकऱ्या होत्या, वरणाची वाटी भरलेली होती, आणि कडेला शेंगदाण्याच्या चटणीवर दही घातलेले होते.